इंजिनावरचा फीड पंप की विजेवरचा?

मुंबईत शिडाची बोट ठेवणाऱ्याचं डिझेल कसं येतं ते तुम्हाला माहीत आहे. पेट्रोल पंपावरून वीस लिटरचे कॅन, टॅक्सीची डिकी, मग होडीतून मूरिंगपर्यंत, म्हणजे बोट पाण्यात बांधून ठेवतो तिथपर्यंत, आणि शेवटी हलत्या डेकवर नरसाळं धरून ओतणं. वर पावसाळ्याचे चार महिने अर्धी रिकामी टाकी आतून घाम सोडत बसते. तेव्हा डिझेल अडणं, लाइनने एअर घेणं आणि इंजिन बंद पडणं हे कधी ना कधी होणारच. झाल्यावर हाताशी कुठला फीड पंप, म्हणजे टाकीतलं डिझेल इंजिनाला पोचवणारा पंप, असावा, एवढाच प्रश्न: इंजिनाच्या कॅमवर, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्यावर, चालणारा जुना डायफ्रामवाला (लवचीक पडद्याचा), की बारा व्होल्टचा छोटा इलेक्ट्रिक.

पहिला मी सात मोसम वापरला, दुसऱ्याचा हा चौथा. डिझेल पोचवण्याचं काम दोघंही चोख करतात. आपल्या अठरा-वीस हॉर्सपॉवरच्या इंजिनाला तासाला दोनेक लिटर लागतं, तेवढं कुणीही देईल. फरक पडतो तो एअर काढताना आणि बिघाड शोधताना.

जुन्याची बाजू आधी मांडतो. त्याला वायर नाही, फ्यूज नाही. एकदा इंजिन सुरू झालं की बोटीवरची सगळी वीज गेली तरी ते चालत राहतं, आणि ही लहान गोष्ट नव्हे. ससून डॉकच्या ज्या नाखवांकडून मी इंजिनाचं निम्मं शिकलो, त्यांचं मत ठाम आहे: "वायर आली की खार आली, शेट."

मग मी बदलला का? त्या पंपाच्या पोटाखालच्या बोटभर लिव्हरमुळे. इंजिन बंद असताना हाताने डिझेल ओढायची ती हीच.

एप्रिलात मांडव्याहून परतत होतो. खारा वारा सूर्याबरोबर मावळला, मतलई सुटायला मध्यरात्र होणार, म्हणून इंजिन लावलं. चाळीस मिनिटांनी आवाज वरखाली व्हायला लागला, दोन आचके दिले आणि बंद. ओहोटी लागलेली, बोट बाहेर ओढली जाणार. चॅनेलच्या कडेला नांगर टाकला, भाच्याला टॉर्च देऊन वर बसवलं आणि मी खाली उतरलो. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू, म्हणजे एअर बाहेर सोडायचा स्क्रू, सैल केला आणि अंगठ्याने लिव्हर दाबायला लागलो. लिव्हर नुसती लुळी हलत होती, पडायला आलेला दुधाचा दात हलतो तशी. शंभरेक वेळा दाबली असेल. स्क्रूपाशी ना फेस, ना थेंब. डायफ्राम फाटला, असं मी धरूनच चाललो. वरून भाचा विचारतोय, "मामा, ती बोट आपल्याकडेच येतेय का?" येत नव्हती. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो होती, पण तिच्या लाटेने माझं कोपर तापलेल्या इंजिनावर टेकवलं.

डायफ्राम शाबूत होता. इंजिन थांबताना कॅमचा उंचवटा नेमका पंपाच्या दांड्यापाशी येऊन अडला होता. म्हणजे डायफ्राम आधीच पूर्ण ओढलेला, हाताच्या लिव्हरला ओढायला काही उरलंच नाही. माहीत असेल तर उपाय सोपा आहे. डीकॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका, उघडायचं, पुलीच्या नटाला पाना लावायचा आणि क्रँक, इंजिन फिरतं त्याच दिशेने, एक फेरा फिरवायची. कॅम अर्धा फिरतो, उंचवटा सरकतो, लिव्हरला दम येतो. हे मला माहीत नव्हतं असंही नाही, नाखवांनी एकदा करून दाखवलेलं होतं. पण अंधारात, डिझेलच्या वासात, बोट डुलत असताना ते आठवायला पाऊण तास गेला. अंगठ्याचं नख पुढे महिनाभर काळं होतं.

(जाता जाता: अशा वेळी स्टार्टर मारत बसायचा मोह होतो. इंजिन न पेटता नुसतं फिरत राहिलं तर थंड करायला घेतलेलं समुद्राचं पाणी सायलेन्सरमध्ये साठतं आणि उलटं सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं. मारायचाच असेल तर पाण्याचा कॉक आधी बंद करा, आणि इंजिन पेटल्या पेटल्या उघडा.)

एअर कुठून शिरत होती, ते मात्र त्या रात्री कळलं नाही. इथे जुन्या पंपाची दुसरी खोड आडवी येते. तो टाकीपासून स्वतःपर्यंत सगळं ओढून घेतो, त्यामुळे त्या लाइनमध्ये चीर असली तरी डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. तुम्ही टॉर्च घेऊन सांधे बघत बसता आणि सगळं कोरडं ठणठणीत. मी तीन रविवार घालवले. प्रीफिल्टरची (टाकीनंतर पाणी-कचरा अडवणाऱ्या पहिल्या फिल्टरची) ओ-रिंग, तांब्याचे वायसर, क्लिपा, सगळं नवं घातलं. अर्ध्या तासाने पुन्हा तोच वरखाली आवाज.

चौथ्या रविवारी इलेक्ट्रिक पंप बसवला, टाकीशेजारी, प्रीफिल्टरच्या लगेच पुढे. प्रीफिल्टरच्या आधी बसवला तर तो पाणी आणि डिझेल घुसळून टाकतो, मग फिल्टरला पाणी खाली बसवणं जड जातं. जुना पंप तेव्हा काढला नव्हता. स्विच दाबला, पुढच्या प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपरची घडी गुंडाळली आणि थर्मासमधला चहा घेतला. परत येऊन बघतो तर एकच कागद ओला: जुन्या पंपाच्या तोंडाशी, रबरी नळीवर, क्लिपच्या अगदी खाली. नळी उपटली तर तिथे क्लिपच्या कडेने कापलेली केसाएवढी चीर. आतापर्यंत त्या भागातून डिझेल ओढलं जात होतं, आता ढकललं जात होतं, म्हणून ती बोलली.

माझ्यापुरता निकाल तिथे लागला. एअर काढणंही आता दोन मिनिटांचं काम आहे. स्विच दाबायचा, स्क्रू उघडायचा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की बंद. दोन्ही हात मोकळे, कॅम कुठे का असेना. शिवाय माझा पंप बोलतो. लाइन रिकामी असली की घाईघाईने टकटक करतो, दाब भरला की सावकाश होतो. किल्ली फिरवण्याआधी मी ते ऐकून घेतो. टकटक मंदावतच नसेल तर मूरिंग सोडत नाही.

आता नाखवांची बाजू. पहिल्याच मोसमात पंपाची एक जोडणी खारीने हिरवी पडली आणि मूरिंगपासून हाकेच्या अंतरावर इंजिन बंद झालं. चूक माझी होती, घरात पडलेली साधी वायर पिळून टेप लावला होता. आता कथिलाचा मुलामा असलेली वायर आहे, जोडण्या दाबून वर श्रिंक ट्यूब घातली आहे आणि वेगळा फ्यूज आहे. आणखी एक धोका मला जास्त गंभीर वाटतो. चालू पंपाची नळी निसटली तर इंजिन थांबेल, पण पंप टाकी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात, रिकामी करत राहील. म्हणून तो ऑइल प्रेशरच्या स्विचवरून चालवा, ऑइलचा दाब गेला की पंप बंद. एअर काढायला आणि इंजिन सुरू करताना दाबून धरायचं वेगळं बटण ठेवा. हे करायचा कंटाळा असेल तर, खरं सांगतो, जुनाच बरा.

जुनाही निर्धोक नाही. त्याचा डायफ्राम फाटला तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. दोन्ही पंप एकामागे एक ठेवणारे लोक आहेत, पण तेव्हा फाटलेल्या डायफ्राममधून मागचा पंप जोराने डिझेल ढकलणार, हे मला पटेना. मी जुना काढून तिथे गॅस्केट घालून पट्टी बसवली.

आउटबोर्डसारखा रबरी फुगा लाइनमध्ये घालायचा तिसरा पर्याय स्वस्त आहे. गळती शोधायला दिवसभरासाठी जोडला तर उत्तम. इंजिनाच्या खोलीत कायमचा ठेवायला मी धजावत नाही, आग लागली तर तो सगळ्यात आधी वितळणार.

आणि टाकीत काळा बुळबुळीत गाळ असेल तर कुठलाच पंप काही करणार नाही. लाटेत ढवळून तो नळीच्या तोंडाशी येतो, इंजिन मरतं, थोड्या वेळाने गाळ बसला की पुन्हा सुरू होतं. अशा वेळी पंपाच्या मागे लागण्याआधी टाकीचं झाकण उघडून बघा. फुस्सकन हवा आत गेली तर व्हेंट, म्हणजे टाकीला हवा देणारी नळी, बुजलाय. तेही नसेल तर पाच लिटरचा कॅन स्वच्छ डिझेल इंजिनापेक्षा उंच बांधून त्यातून थेट नळी द्या. त्यावर इंजिन तासभर सुरळीत चाललं तर दोष मागे आहे, टाकीकडे. हाच कॅन इलेक्ट्रिक पंप समुद्रात बंद पडला तर मला घरी आणेल, अशी माझी समजूत आहे.

तुमची टाकी इंजिनापेक्षा उंच असेल, किंवा लिव्हर हाताला सहज लागत असेल आणि पाना फिरवायला पुढून जागा असेल, तर उगाच खर्च करू नका. टाकी खाली, लिव्हर इंजिनाच्या मागच्या बाजूला आणि पोचायला पोटावर झोपावं लागतं, अशी बोट असेल तर मी वेळ न घालवता इलेक्ट्रिक बसवीन. घेताना पाचेक पीएसआयच्या आतला, डिझेलला चालणारा घ्या. बाणाच्या दिशेने फुंकून बघा. बंद असतानाही फुंकर आरपार जात असेल तर कॅनवरची वेळ आली तेव्हा तो वाटेत अडणार नाही.

जुना पंप मी तेल लावून, फडक्यात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवलाय, नव्या डायफ्रामसकट. नाखवांना अजून सांगितलेलं नाही.