एसएसची (स्टेनलेस स्टीलची) नळी वाकवायची: हँड बेंडर, हायड्रॉलिक की मँड्रेलवर जॉब वर्क?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत एक चक्कर मारली की तिन्ही पर्याय समोर येतात. दर विचारण्याआधी नळीचा बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी कॅलिपरने मोजून घ्या. निम्मा निर्णय त्यातच होतो.

हायड्रॉलिक पाइप बेंडर मी आधीच बाद करतो. भाड्याने मिळतो म्हणून मोह होतो, पण तो मुळात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपसाठी. त्याची अर्धा इंची डाय (नळी बसते तो खाचेचा साचा) 21.3 मिमीच्या पाइपला बसते; अर्धा इंची ट्यूब असते 12.7 मिमी. ती खाचेत सैल राहते आणि दाब आला की चपटी होते. वर डायला चिकटलेले लोखंडाचे कण एसएसवर उतरतात, मग पावसाळ्यात गंजाचे डाग दिसले की दुकानदाराच्या नावाने शंख!

कंपनीतल्या इन्स्ट्रुमेंट लाइनला (मोजमापाच्या उपकरणांना जोडणाऱ्या बारीक नळ्यांना), म्हणजे 12.7 मिमीपर्यंतच्या ॲनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) ट्यूबला, त्याच मापाचा चांगला हँड बेंडर, म्हणजे लिव्हर बेंडर, घ्या. इथे माल वाया जातो तो बहुतेक हिशेब चुकल्याने. समजा बाकाची त्रिज्या 38.1 मिमी आहे आणि 300 व 200 मिमी बाजूंचा काटकोन हवाय (मापं मध्यरेषांच्या कोपऱ्यापर्यंतची). सरळ बेरीज करून 500 कापलं की चुकलं. नळी कोपरा गाठत नाही, आतून गोल वळते. दर काटकोनाला त्रिज्येच्या 0.43 पट, म्हणजे सुमारे 16 मिमी वाचतात. कापायची 484. सहा बाकांच्या लाइनीत हाच फरक जवळजवळ 10 सेंमीवर जातो.

हात सोडला की एसएस थोडं उलगडतं, काटकोनाला साधारण एक ते तीन अंश. लॉट बदलला की हा आकडाही बदलतो, म्हणून आधी भंगारातला तुकडा वाकवून बघा. थोडं कमीच वाकवा, गुण्या लावा, मग पुढे सरका. जास्त वाकलेली नळी परत उघडायला गेलात तर बाक बिघडतो. वेल्डेड ट्यूब असेल तर शिवण बाकाच्या बगलेला ठेवा; पाठीवर (बाहेरच्या अंगाला) किंवा पोटात (आतल्या अंगाला) नको.

तयार कॉम्प्रेशन एल्बो (नट आवळून नळीला बसवायचा काटकोनी जोड)? एका वळणाला गळतीच्या दोन जागा. बेंडर शिरणारच नाही तिथेच लावा.

दांडिया बाजारातल्या घराच्या जिन्याचं रेलिंग मात्र वेगळा मामला. 38 मिमी व्यास, दीड मिमी जाडी: आतून मँड्रेलचा (वाकवताना नळीच्या आत राहणाऱ्या दांड्याचा) आधार नसेल तर बाक लंबगोल होतो, पोटाला सुरकुत्या पडतात. हे काम जॉब वर्कलाच द्या. ड्रॉइंग काढण्याआधी त्यांच्याकडे कोणत्या त्रिज्येची डाय आहे आणि पकडीला किती सरळ भाग लागतो, ते विचारा. एक-दोन नगांसाठी हे महागच पडतं, कारण मशीनच्या सेटिंगचा सगळा खर्च तेवढ्याच नगांवर पडतो. सेटिंगमध्ये गेलेला तुकडा कोणाच्या खात्यात, हेही चलन बनण्याआधी बोलून घ्या.