एश्कोलिन्या: काजूच्या झाडाखालची बालवाडी

डहाणूकडे अठ्ठावीस वर्षं बालवाडी घेतली, त्यामुळे कुठेही गेले तरी पोरं कुठे बसलीत हे आधी बघते. लेक मोझांबिकच्या राजधानीत, मापुटोत नोकरीला आहे. तिच्याबरोबर शाय-शायच्या पुढे, मांजाकाझेच्या बाजूच्या एका खेड्यातली एश्कोलिन्या, म्हणजे छोटी शाळा, पाहून आले.

मोझांबिकच्या या गाझा प्रांतात सेव्ह द चिल्ड्रन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २००८ पासून ३० गावांत तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी अशा शाळा काढल्या. मी पाहिलेली त्यांतली नव्हे, पण घडण तीच: गावाने बांधलेली खोली आणि शिकवायला गावातलीच बाई. तिला आनिमादोरा म्हणतात.

साहित्याला पैकीच्या पैकी. बाटल्यांची बुचं, मक्याची कणसं, वाळलेल्या काजूबिया. मोजायला, रांग लावायला, वाळूत दाबून ठसे काढायला. (बियांचं तेल अंगावर उततं म्हणून मी आधी घाबरले, पण फुटकी बी बाईने आधीच वेचून टाकलेली.) कोसबाडला ताराबाई मोडकांनी हेच तर केलं होतं.

दुसरा फायदा शाळेबाहेर दिसतो. इथले बरेच पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत, बाया शेतावर. धाकटं भावंड कापुलानाने, म्हणजे बाया गुंडाळतात त्या कापडाने, पाठीला बांधून थोरली ताई घरी अडकायची. त्या ३० गावांची शाळा न मिळालेल्या गावांशी तुलना झाली, तेव्हा मुलं पहिलीत जास्त दाखल झालेली दिसलीच, शिवाय दहा ते चौदा वर्षांची थोरली भावंडंही शाळेत जास्त जाऊ लागली होती. आकडे-आकार, हाताची कामं यांत लहान मुलं पुढे. भाषेत मात्र म्हणावा असा फरक नाही.

का, ते मला इथे तासाभरात कळलं. बाई म्हणते, चाळीस पोरं एका सुरात म्हणतात. गाणी झकास! पण पोराशी एकट्याने बोलणं नाही. लाल फ्रॉकवाली एक चिमुरडी शांगानात, म्हणजे तिथल्या बोलीत, काहीतरी सांगायला दोनदा उठली, दोनदा बसवली गेली. पुढे प्राथमिक शाळेत गाठ पोर्तुगीजशी पडायची. निदान आपल्या भाषेत तरी पोटभर बोलू द्या की!

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. निघताना मी त्या लाल फ्रॉकवालीजवळ उकिडवी बसले. लेकीने दुभाष्याचं काम केलं. त्यांच्या कोंबडीने अंडी घातली होती, सात.