निळं ऑर्किड घेताय? आधी दांडा बघा

चवथीच्या आधी फोंड्यात लागलेल्या झाडांच्या स्टॉलवरून वहिनीने निळंशार ऑर्किड आणलं. फॅलेनॉप्सिस नावाचा ऑर्किडचा प्रकार, कुंडीसकट बाराशे रुपये. ‘‘निळा रंग जीनमध्येच घातलाय मॅडम, दर खेपेला असाच येणार,’’ विक्रेता छातीठोकपणे सांगत होता. वर ‘माकडतोंडी ऑर्किड’च्या बियांचं पाकीट अडीचशेला गळ्यात मारलं.

फुलं गळल्यावर बऱ्याच महिन्यांनी नवा दांडा आला. कळ्या उमलल्या त्या पांढऱ्याफटक! जुना दांडा वहिनीने कापून गच्चीतच टाकला होता. बुडाशी सुईएवढं भोक, ते मेणाने बुजवलेलं, भोवती निळा डाग. ब्लेडने उभा चिरला तर आतल्या शिरा निळ्या. शाई टोचली होती. घेतानाचे फोटो काढून पाहिले, तर शेंड्याकडची फुलं फिकट होती आणि मधला ओठही (ऑर्किडची वेगळ्या आकाराची पाकळी) निळ्याने लडबडलेला. खऱ्या जातीत रंगाचे जीन ठरावीक पेशींतच चालू होतात, म्हणून ठिपके-रेघा प्रत्येक फुलावर साधारण त्याच जागी दिसतात. शाई पाणी नेईल तिकडे जाते.

बहुतेक निळ्या फुलांतला निळा येतो डेल्फिनिडिनपासून बनणाऱ्या रंगद्रव्यांमुळे. ते बनवणारा जीन गुलाबात नसतो. जपानी कंपनीने पॅन्सी या फुलझाडाचा जीन घालून केलेला गुलाब २००९ मध्ये बाजारात आणला, तोसुद्धा निळा कसला, जांभळटच. आणि आपल्याकडे १९८९ च्या नियमांनुसार जनुकबदल केलेलं झाड केंद्राच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही. तेव्हा ‘जीन घातलाय’ म्हणणाऱ्याकडे मंजुरीचा कागद मागा, गंमत बघा.

बियांची तर कमालच. पाकिटात मोहरीएवढे दाणे! ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, एका शेंगेत लाखोंनी. त्यात अंकुरासाठी अन्नाचा साठाच नसतो. बुरशीची साथ किंवा प्रयोगशाळेतली बाटली लागते. कुंडीत उगवलं ते तण. माकडतोंडी जात खरीच आहे, पण ती दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरच्या थंड, धुक्याच्या डोंगरांतली. तिचा तो चेहरा म्हणजे फुलाच्या कुठल्या भागाचा ओठ व्हायचा, कुठल्याची पाकळी, हे ठरवणाऱ्या जीन्सची करामत. आपल्या मे महिन्यात ती तग धरणार नाही.

विक्रेत्याला फोन केला, तर म्हणतो, ‘‘माती बदलली की रंग बदलतो.’’ हायड्रेंजिया या फुलझाडाबाबत हे खरं आहे. आम्लधर्मी मातीत ॲल्युमिनियम मिळालं की तो निळा होतो. आमचं ऑर्किड मातीत नव्हतंच, त्यानेच दिलेल्या कोळशात आणि नारळाच्या सोडणांत होतं. हे ऐकल्यावर फोन कट.

पावती त्याने दिलीच नव्हती. यूपीआयचा स्क्रीनशॉट, दांड्याचा आणि पांढऱ्या फुलांचा फोटो असं तिन्ही घेऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.