घरातल्या मोठ्यांच्या आठवणी: रेकॉर्ड कराव्यात, लिहून घ्याव्यात की संग्रहाकडे द्याव्यात?

घरात ऐंशीच्या पुढचं कुणीतरी आहे, रंगून गोष्टी सांगतं, आणि "एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवायला हवं" हे वाक्य गेल्या तीन दिवाळ्या नुसतं घरात फिरतंय. तुमच्याकडे असं असेल तर हे वाचा. मी दोन वर्षं माझ्या आत्याबरोबर वेगवेगळ्या वाटा चाचपून पाहिल्या: फोनवर रेकॉर्ड करणं, वहीत लिहून घेणं, बाहेरच्या माणसाला प्रश्न विचारायला बसवणं. संग्रहाकडे, म्हणजे असे आवाज-कागद जपणाऱ्या संस्थेकडे, सोपवण्याची वाट अजून अर्ध्यावर आहे.

माइक कुठला, ॲप कुठलं याचा मी सुरुवातीला महिनाभर काथ्याकूट केला. तो महिना वाया गेला. यंत्राचं दोन दिवसांत जमतं. विचारायला कोण बसणार, हे ठरवायला मात्र मला वर्ष लागलं.

आवाज की चित्र

पहिल्या बैठकीला मी फोन स्टँडवर लावला आणि व्हिडिओ सुरू केला. आत्याने साडी बदलली, केस विंचरले, पदर सारखा केला आणि "नमस्कार, माझं नाव..." असं गॅदरिंगमधल्या भाषणासारखं बोलायला लागली. वीस मिनिटांत संपलं. पुढच्या खेपेला ती मेथी निवडत होती, फोन शेजारी पालथा पडला होता, फक्त आवाज रेकॉर्ड होत होता. दीड तास बोलली.

म्हणून माझं मत ऑडिओच्या बाजूने. हजारभर रुपयांचा कॉलरला लावायचा माइक पुरतो. पंखा बंद करा. तो कानाला जाणवत नाही, पण माइकला जाणवतो. कुकर आधी उतरवून ठेवा. जमलं तर डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता ठेवणारी, फाइल करा: 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ अशी ठेवली तर तासाला साधारण 1 जीबी लागते. व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट. आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

व्हिडिओ लागतो तो हातांसाठी. जात्याचा खुंटा कसा धरतात, वाकळेचा टाका कसा घालतात, हे आवाजात उतरत नाही. हा प्रश्न महाराष्ट्रातल्या एका मोठ्या कामातही आला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी 1 लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्याही 1,000 हून अधिक गावांतून. त्यातला बहुतेक ठेवा आधी कागदावर लिहिलेला. आवाज मुद्रित झाला तो त्यातल्या थोड्या भागाचाच. पुढे हा संग्रह 'पारी'कडे, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाकडे आला, तेव्हा त्यांची माणसं पुन्हा गावोगाव जाऊन त्या बायकांना भेटली आणि गाताना त्यांचं चित्रण केलं. काही जणींपर्यंत पोचेपर्यंत वर्षं उलटून गेली होती. तुमच्याकडे बाई समोर बसलेली आहे. ऑडिओ संपला की शेवटची दहा मिनिटं व्हिडिओ घ्या, तोही तिच्या हातात एखादी वस्तू देऊन.

लिहून घेतलं तर

लिहून घेण्याला कमी लेखू नका. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या एकाने गाणी वहीत उतरवून घेतली, म्हणून 1951 साली त्या गेल्यानंतर 1952 मध्ये ती छापून आली. यंत्र नव्हतं, वही होती. माणूस खूप थकलेला असेल, माइक पाहून गप्प होत असेल, तर आजही वहीच बरी.

पण रेकॉर्डिंगवरून लिहून काढायचं असेल तर वेळेचा हिशेब आधी करा. एका तासाचं बोलणं उतरवायला मला सहा-सात तास लागले. फोनचं आपोआप टाइप करणारं ॲप प्रमाण भाषेला ठीक आहे. आत्याचं "आमी तवा" आलं की ते भरकटतं. आणि भरकटतो तो ॲपच नाही, आपणही. "व्हतं"चं "होतं" करावंसं वाटतं, दोनदा सांगितलेलं एकदाच ठेवावंसं वाटतं, चुकलेलं साल दुरुस्त करावंसं वाटतं.

ते चुकलेलं साल जपून ठेवा. इटलीतले मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांना तेर्नी या पोलादाच्या शहरात असं दिसलं की लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार 1949 साली नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला, पण बरेच कामगार ते 1953 चं म्हणून सांगतात, कारखान्यातून माणसं काढली तेव्हाच्या आंदोलनातलं. त्यांची स्मरणशक्ती कमी होती असं नाही. त्यांच्या लेखी तो मृत्यू नोकऱ्या जाण्याच्या लढाईत शोभत होता, म्हणून तो तिथे जाऊन बसला. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळाचं असंच होतं. आत्याच्या आयुष्यातलं जे जे अवघड, ते ते बहात्तरला घडलेलं: लग्न, खडी फोडायची कामं, मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी, धाकट्याचा जन्म. धाकट्याच्या शाळेच्या दाखल्यावर 1 जून 1970 आहे. अर्थात त्या दाखल्यावर तरी किती विश्वास ठेवायचा. गुरुजींनी 1 जून लिहिलेली अर्धी पिढी आपल्या ओळखीची आहे.

छापील पुस्तिकेत मी हे दुरुस्त केलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. आवाजात ते तसंच राहिलं. आवाजावरून कधीही लिहून काढता येतं. लिहिलेल्यातून आवाज परत येत नाही. शिवाय आमच्या घरातली दोन नातवंडं न्यू जर्सीत आहेत. त्यांना मराठी ऐकून कळते, देवनागरी वाचता येत नाही. पुस्तिका काढली असती तर ती त्यांच्या फडताळात बंदच राहिली असती.

विचारणार कोण?

जगातले दोन मोठे प्रकल्प इथे एकमेकांच्या उलट्या बाजूला आहेत. अमेरिकेतल्या स्टोरीकॉर्प्सने 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर एक खोली उभारली. अशा खोलीत एकमेकांना ओळखणारी दोन माणसं समोरासमोर बसतात, आई-मुलगी, दोन जुने मित्र, आणि 40 मिनिटं बोलतात. संस्थेचा माणूस यंत्र सांभाळतो. उलट द 1947 पार्टिशन आर्काइव्ह शिकवून तयार केलेले स्वयंसेवक पाठवतं, आणि ते बहुतेक वेळा परके असतात. त्यांच्याकडे फाळणी पाहिलेल्यांच्या 10,000 हून अधिक कहाण्या जमल्या आहेत.

मला वाटायचं, घरच्यांपुढे माणूस मोकळा होतो. आत्याने ते खोटं ठरवलं. मी विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर: "तुला ठाव हाय की समदं." मला माहीत आहे असं ती धरून चालायची, आणि मला लाज वाटेल असं काही गाळून टाकायची. तिसऱ्या बैठकीला मी एका मैत्रिणीला बसवलं, जी मराठवाड्यातली आणि आमच्या गावाला कधी न आलेली. तिने विचारलं, "सुकडी म्हणजे काय हो?" आणि आत्या अर्धा तास सुकडीवर बोलली. दुष्काळी कामावर हे कोरडं खाणं कसं वाटायचे, कोण आधी रांगेत, कुणाला वेगळं बसवायचे. त्या शेवटच्या वाक्यानंतर टेपवर बराच वेळ फक्त बाहेरचा कावळा आहे. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

मैत्रिणीला मात्र एक गोष्ट जमली नसती. मी फडताळातलं पितळी पातेलं काढून पुढे ठेवलं. त्याच्या काठावर नाव आणि तारीख कोरलेली आहे. आत्याने त्यावरून बोट फिरवलं आणि ते कुणी दिलं, दिलेल्याशी पुढे बोलणं का बंद झालं, इथपर्यंत पोचली. घरात कुठलं भांडं कुठे आहे हे घरच्यालाच माहीत. म्हणून माझा सल्ला: पहिली बैठक स्वतः घ्या, वस्तू घेऊन. दुसरी परक्या पण प्रेमळ माणसाला द्या, आणि त्या वेळी तुम्ही खोलीत बसू नका.

ओव्यांच्या कामात तिसराही मार्ग होता. जमवणाऱ्यांत मावळ-मुळशीच्या डोंगरी भागातल्या गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्या होत्या. घरच्याही नाहीत, परक्याही नाहीत. त्याच बोलीच्या, स्वतः दळलेल्या. अशी बाई मिळाली तर आपण दोघांनीही बाजूला व्हावं.

संग्रहाकडे द्यायचं असेल तर

कपाटातली हार्ड डिस्क म्हणजे संग्रह नाही, हे पहिलं. तीन प्रती, दोन वेगळ्या जागी, आणि फाइलच्या नावात माणूस, गाव, तारीख: एवढं घरचं काम. 'न्यू रेकॉर्डिंग 14' हे नाव दहा वर्षांनी कुणाला काही सांगत नाही.

संस्था खूप वेगवेगळ्या आहेत. मुंबईचं स्पॅरो 1988 पासून बायकांच्या आयुष्याचे आवाज, चित्रं, कागद जपतं. 'पारी' ही मुळात ग्रामीण भारताची पत्रकारिता आहे, तुमची फाइल ठेवायचं कपाट नव्हे. सिंधमधून येऊन कल्याणच्या छावण्यांत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, वसलेल्या घरातलं कुणी असेल, तर पार्टिशन आर्काइव्हसारखी जागा तुमच्या कहाणीला सोबत देईल. एकटी कहाणी तिथे हजारोंमध्ये शेजारी बसते. गिरणगावचंही तसंच आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांचे आवाज एकत्र आणले, तेव्हा 1982 च्या संपात प्रत्येक घरातलं वेगळं आणि तरीही एकच असलेलं दुखणं शेजारी शेजारी दिसलं. एका घराच्या पुस्तिकेत ते दिसत नाही. इंटरनेट आर्काइव्हवर फुकट चढवता येतं, पण तिथे सगळं जगासमोर, आणि एकदा उतरवून घेतलं गेलं की परत बोलावता येत नाही.

देण्याआधी विचारा. मी वडिलांच्या कॅसेट एका संस्थेला विश्वासाने दिल्या होत्या. आठ वर्षांनी चौकशी केली तर कुठल्या खोक्यात आहेत ते कुणाला सांगता येईना. आता मी मूळ प्रत कुणाला देत नाही. कोण ऐकू शकेल, काही भाग ठरावीक वर्षं बंद ठेवता येईल का, सूची कोण करणार, नाव बदलता येईल का, हे लेखी घ्या. जमिनीचा वाद, सावत्रपण, जातीवरून ऐकलेलं बोलणं, हयात असलेल्या दिराचं वागणं: प्रत्येक मोकळ्या कहाणीत हे असतंच. ते सांगणाऱ्याचं आहे, रेकॉर्ड करणाऱ्याचं नाही.

तर मग काय करावं

प्रकृती नाजूक असेल तर तुलना पुरे. या रविवारी फोन टेबलावर ठेवा. वेळ हाताशी असेल तर ऑडिओ आधी, लिखाण नंतर. घरापुरतीच गोष्ट असेल तर संग्रहाचा खटाटोप नको. पण धरण, दुष्काळ, संप, फाळणी, भूकंप असं काही त्या आयुष्यातून गेलं असेल, तर निदान एका संस्थेला पत्र लिहा.

मी लिहिलं आहे. संमतीचा कागद आला, आत्याला वाचून दाखवला. नाव घालायचं का, या रकान्यापुढे ती म्हणाली, "माझं घाल. गावाचं नको." मग थोडा विचार करून, "गावाचं घाल, माझं नको." कागद फ्रिजवर लावलेला आहे, तो रकाना अजून कोरा आहे.