लिफ्टवाली आरव्ही आणि डिस्नेचं फोर्ट विल्डरनेस: काही महिन्यांच्या वापरानंतर

व्हीलचेअरसाठी बनवलेली आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी मोटारगाडी) बघायला गेलं की सगळे आतलं बघतात. पॅसेज किती रुंद, बाथरूममध्ये खुर्ची वळते का, पलंगाची उंची किती. हे बघायलाच हवं. पण अशी गाडी काही महिने वापरल्यावर आमचं मत पक्कं झालंय: मुक्काम सुखाचा होणार की नाही, हे गाडीच्या उजव्या बाजूच्या दहा फूट जमिनीवर ठरतं. लिफ्ट तिथे टेकते. ती जागा सपाट आणि टणक नसेल, तर आतली कितीही चांगली सोय खुर्चीवरच्या माणसाच्या उपयोगाची राहत नाही, कारण त्याला एकट्याने बाहेर पडताच येत नाही.

आमची गाडी क्लास ए (बससारखी मोठी आरव्ही), ३२ फुटी, पेट्रोल इंजिनची. लिफ्ट उजव्या बाजूला, क्षमता ८०० पौंड म्हणजे साधारण ३६३ किलो. हा आकडा मोठा वाटतो, पण पॉवर चेअर (बॅटरीवरची व्हीलचेअर) एकटीच ३०० ते ४०० पौंडांची असते. त्यात माणूस आणि खुर्चीमागची बॅग धरली की सहाशेच्या घरात जातो. त्यामुळे लिफ्टवर खुर्चीसोबत दुसऱ्या कोणी उभं राहायचं नाही, अगदी लहान मुलानेही नाही.

ऑर्लँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये आरव्ही लावायची म्हणजे फोर्ट विल्डरनेस. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये, मॅजिक किंगडम या तिथल्या पहिल्या पार्कनंतर दीडेक महिन्याने हे कॅम्पग्राउंड सुरू झालं. सुमारे ७५० एकर पाइनचं रान आणि त्यात आठशेच्या आसपास साइट्स. साइट्सचे प्रकार बरेच आहेत, पण आपल्या कामाचा फरक दोनच गोष्टींत आहे: सांडपाण्याचं कनेक्शन आणि पॅडची, म्हणजे गाडी लावायच्या काँक्रीटच्या जागेची, रुंदी. तंबू आणि पॉप-अपच्या (घडीच्या ट्रेलरच्या) साइटवर पाणी आणि वीज मिळते, सांडपाण्याचं कनेक्शन मिळत नाही. खुर्चीवर बसून अंघोळ करणारं कोणी बरोबर असेल तर फुल हुकअपच्या (पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्यांच्या) खाली जाऊच नका. आमच्या मते प्रीमियम साइटचे जास्तीचे पैसे देणं योग्य आहे, कारण तिथले पॅड मोठे असतात आणि खरी गरज रुंदीचीच आहे.

गणित सोपं आहे. लिफ्टचा प्लॅटफॉर्म गाडीबाहेर साडेचार फूट येतो. त्यावरून उतरलेल्या खुर्चीला जागच्या जागी वळायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं. म्हणजे उजवीकडे साडेनऊ-दहा फूट मोकळे हवेत, आणि त्यात झाडाचं खोड, पिकनिक टेबल किंवा कोळशाची ग्रिल येता कामा नये. वीज-पाण्याचा खांब डावीकडे असतो, त्यामुळे गाडी मागे घेताना पॅडच्या शक्य तितकी डावीकडे दाबून लावा. एक फूट डावीकडे सरकलात तर उजवीकडे तेवढाच फूटभर काँक्रीट जास्त मिळतो. मात्र डाव्या बाजूची स्लाइड (खोली मोठी करायला बाहेर सरकणारा गाडीचा भाग) उघडली की खांबाला लागत नाही ना, हे आधी उतरून बघा.

बुकिंग फोनवरच करा. ४९९ दिवस आधीपासून करता येतं; हॅलोवीन आणि ख्रिसमसच्या आठवड्यांसाठी तेवढं आधी करणं शहाणपणाचं. फोनवर नुसतं ‘ॲक्सेसिबल साइट हवी’ म्हणून थांबू नका. गाडीची लांबी सांगा, लिफ्ट उजवीकडे उघडते हे सांगा, त्या बाजूला काँक्रीट आहे की वाळू-गवत ते विचारा, आणि कम्फर्ट स्टेशन (सार्वजनिक बाथरूमची इमारत) किती लांब आहे तेही. हे सगळं बुकिंगच्या नोंदीत लिहून घ्यायला लावा. प्रत्यक्ष साइट नंबर पोहोचल्यावर हातात पडतो, तेव्हा काउंटरवर तीच नोंद पुन्हा काढायला सांगा. १००, २००, ३०० नंबरचे लूप (साइट्सच्या गल्ल्या) कॅम्पग्राउंडच्या सेटलमेंट भागाजवळ पडतात, म्हणजे मॅजिक किंगडमच्या बोटीच्या धक्क्याजवळ. बोटीचा वापर जास्त करणार असाल तर हेच मागा.

आता लिफ्ट. कॅम्पग्राउंडवर ती अडते तेव्हा बहुतेक वेळा मोटर ठीकच असते. पहिलं कारण इंटरलॉक: गिअर पार्कमध्ये आणि पार्किंग ब्रेक पूर्ण ओढलेला नसेल तर लिफ्ट हलतच नाही. दुसरं कारण बॅटरी. पंप १२ व्होल्टवर चालतो आणि भरपूर करंट ओढतो. बॅटरी १२.२ व्होल्टच्या खाली गेली की प्लॅटफॉर्म रडतखडत वर येतो किंवा मध्येच थांबतो. आणि तिसरं, फोर्ट विल्डरनेसला हमखास भेटणारं: जमीन. प्लॅटफॉर्मच्या बाहेरच्या टोकाला एक आडवी पट्टी असते, खुर्ची घरंगळू नये म्हणून. प्लॅटफॉर्म जमिनीवर पूर्ण टेकल्याशिवाय ती खाली पडत नाही. पॅडच्या कडेला वाळूचा उतार असला की प्लॅटफॉर्मची आतली कड काँक्रीटवर टेकते, बाहेरची कड बोटभर अधांतरी राहते आणि पट्टी उभीच राहते. अशा वेळी पट्टी पायाने दाबून पाडणारे लोक बघितले आहेत. तसं अजिबात करू नका, खुर्चीची पुढची चाकं त्या फटीत जातात. पाऊण इंची प्लायवुडचे दोन फूट बाय चार फुटांचे दोन तुकडे गाडीत ठेवा आणि खालच्या बाजूला सारून तो उतार भरून काढा. प्लायवुडची कडही खुर्चीला अडते, म्हणून तिथे रबराची छोटी उंबरठ्याची पट्टी लावा.

पाइनच्या सुया हा तिथला आणखी एक त्रास. त्या प्लॅटफॉर्मच्या आडव्या पट्टीच्या बिजागरीत अडकतात. रोज सकाळी जुन्या टूथब्रशने बिजागरी झाडायची, एवढंच काम आहे, पण ते चुकवू नका.

लिफ्टची वीज गेली तर काय करायचं, हे घरातल्या किमान दोघांना यायला हवं. हायड्रॉलिक लिफ्टला हातपंप असतो. खाली आणायचं तर व्हॉल्व्ह हळू उघडायचा, वजनानेच प्लॅटफॉर्म उतरतो. वर न्यायचं तर व्हॉल्व्ह बंद करून दांडा मारत बसायचं, आणि त्यात चांगला दम निघतो. रिकाम्या प्लॅटफॉर्मवर घरीच सराव करून निघा.

लेव्हलिंगचा (गाडी सपाट उभी करण्याचा) क्रम महत्त्वाचा: आधी जॅक, मग स्लाइड, शेवटी लिफ्ट. ऑटो-लेव्हलिंग एका बाजूला गाडी उचलून घेतं. उजवी बाजू फार उचलली गेली तर प्लॅटफॉर्म जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. असं झालं तर साइट बदलून मागा, चाकाखाली ठोकळे घालून हा प्रश्न आणखी वाढतो. आणि पॅनेलवरचा हिरवा दिवा लागला म्हणून समाधान मानू नका. उंबरठा नसलेल्या रोल-इन शॉवरच्या जमिनीवर दोन फुटी लेव्हल ठेवून बुडबुडा बघा, आडवी आणि उभी दोन्हीकडे. पॅनेलचा सेन्सर चासिसजवळ असतो. शॉवरचा उतार मात्र फक्त जाळीच्या दिशेने दिलेला असतो आणि तो इतका हलका असतो की गाडी पाव इंच पॅसेजकडे कलली तरी पाणी जाळी सोडून पॅसेजमध्ये येतं. खाली प्लायवुड असतं, ते भिजून फुगलं की दुरुस्ती महागात पडते. शॉवरच्या तोंडाशी दाबली जाणारी रबरी पट्टी चिकटवली तर खुर्ची वरून जाते आणि पाणी अडतं.

शॉवरचीच दुसरी गोष्ट. गाडीतला सर्वांत खालचा निचरा हाच असतो, म्हणून ग्रे टँक (शॉवर आणि सिंकच्या सांडपाण्याची टाकी) भरली की साबणाचं पाणी सर्वांत आधी इथूनच उलटं वर येतं. टँक ४५ गॅलनची. दीड गॅलन प्रति मिनिटाचा हँडशॉवर दहा मिनिटं चालला तर १५ गॅलन, म्हणजे तीन अंघोळी. भांड्यांचं पाणी वेगळं. टँकचा सेन्सर साबणाच्या थरामुळे खोटं सांगतो, त्यामुळे त्याच्यावर न विसंबता रोज एकदा रिकामी करा. ब्लॅक टँकचा (टॉयलेटच्या टाकीचा) व्हॉल्व्ह मात्र हुकअपला लावूनही बंदच ठेवायचा. उघडा ठेवला की पाणी वाहून जातं आणि घन भाग खाली साचून बसतो. दोन-तृतीयांश भरल्यावर ब्लॅक आधी, ग्रे नंतर.

ज्यांच्या पायांना संवेदना नाहीत त्यांच्यासाठी एक बदल आम्ही अत्यावश्यक मानतो. आरव्हीचे गिझर १३० ते १४० अंश फॅरेनहाइटला पाणी तापवतात. शॉवरच्या लाइनवर तापमान बांधून ठेवणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा आणि १०५ च्या आसपास लावून ठेवा. हा व्हॉल्व्ह गाडीत आधीपासून असेल असं गृहीत धरू नका.

गाडीतल्या शॉवरचा कंटाळा आला किंवा काही बिघडलं तर कम्फर्ट स्टेशन आहे: वातानुकूलित, व्हीलचेअरला चालणारा शॉवर आणि वॉशिंग मशिन. तिथली स्वच्छता चांगली असते. गर्दी रात्री पार्कवरून लोक परतल्यावर होते, दुपारी जा.

विजेचा हिशेब जेवणाशी जोडलेला आहे, विशेषतः मराठी घरात. ५० अँपच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन लाइन येतात, मिळून १२,००० वॉट. ३० अँपला मात्र ३,६०० वॉटच. छतावरचा एक एसी १३ ते १५ अँप खातो, १,८०० वॉटचा इंडक्शन १५ अँप, विजेवरचा गिझर बारा. म्हणजे ३० अँपवर एसी चालू असताना इंडक्शनवर कुकर चढवला आणि गिझरही चालू राहिला तर ब्रेकर पडणारच. साइटवर ५० अँप मिळतं, तेव्हा गाडीही ५० अँपचीच घ्या. खुर्चीचा चार्जर दोन-तीन अँपच घेतो, पण तो रात्रभर लागतो, म्हणून तो अशा सॉकेटवर ठेवा जिथे दुसरं काही जोडलेलं नाही. पोळ्या-भाकरी गाडीबाहेर पोर्टेबल शेगडीवर कराव्यात; तव्याच्या धुराने आतला स्मोक अलार्म वाजतो आणि लिफ्टचं दार उघडं ठेवून हवा घालवावी तर फ्लोरिडाची सगळी उष्णता आत येते.

ती उष्णता खरंच मोठी गोष्ट आहे. मणक्याला इजा झालेल्यांना घाम नीट येत नाही, शरीर थंड होत नाही. लिफ्ट खाली-वर होईपर्यंत भलंमोठं दार दोन-तीन मिनिटं उघडं राहतं, म्हणून प्रत्येक फेरी मोजूनमापून करा: सामान आधी बाहेर, माणूस शेवटी. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ आणि उन्हाळ्यात दुपारी गडगडाट ठरलेला. वीज कडाडली की बोटी थांबतात आणि त्यांच्या जागी बस सोडतात. सर्ज प्रोटेक्टर न लावता तिथे गाडी खांबाला जोडू नका. व्हेंटिलेटर किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर बॅटरीवर किमान एक रात्र निघेल एवढी सोय हवीच.

पार्कला जाण्याच्या बाबतीत फोर्ट विल्डरनेस चांगलं आहे, पण वेळखाऊ. डिस्नेच्या सगळ्या बसमध्ये रॅम्प किंवा लिफ्ट असते. खुर्च्यांसाठी एका बसमध्ये साधारण दोनच जागा असतात. त्या भरल्या असतील तर पुढच्या बसची वाट बघायची. कॅम्पग्राउंडमधल्या बसने डेपोपर्यंत आणि तिथून पार्कची बस, असे दोन टप्पे होतात. जेवणाचं आरक्षण असेल तर दीड तास हातात ठेवा. बोटीत खुर्ची चढते, पण तलावाची पातळी कमी-जास्त झाली की रॅम्पचा उतार बदलतो, आणि जड पॉवर चेअरसाठी धक्क्यावरच्या माणसाला आधी विचारणं बरं. भाड्याच्या गोल्फ कार्टवर मात्र खुर्चीसकट बसता येत नाही. स्वतः उठून बसता येत असेल तरच त्या घ्या.

एका गैरसमजाबद्दल लिहायला हवं. व्हीलचेअर आहे म्हणून रांग टळते असं नाही. डीएएस (रांगेत उभं न राहता परत येण्याची वेळ मिळण्याची सोय) ही सवलत २०२४ च्या बदलांनंतर मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणींसाठी आहे. चालता न येणाऱ्यांना बहुतेक रांगांमधून खुर्चीनेच जायचं असतं, आणि जिथे जुन्या रांगेत खुर्ची मावत नाही तिथे परत येण्याची वेळ दिली जाते. कर्मचारी माणसाला उचलून बसवत नाहीत. किलिमांजारो सफारीला खुर्चीवरून न उतरता बसता येतं, इट्स अ स्मॉल वर्ल्ड आणि जंगल क्रूझला खुर्चीसाठी वेगळी बोट आहे. खुर्चीवरून हलता येत नसेल तर दिवसाची आखणी अशा राइड्सभोवतीच करा.

भारतातून आई-वडील येणार असतील आणि त्यांची पॉवर चेअर सोबत असेल, तर चार्जरच्या मागची पट्टी वाचा. तिथे फक्त २३० व्होल्ट लिहिलं असेल तर तो अमेरिकेत १२० वर चालणार नाही. २४ व्होल्टचा, त्याच बॅटरीच्या प्रकाराचा इथला चार्जर आधीच मागवून ठेवा.

निघायच्या दिवशी चेक-आउट ११ ला असतं, आणि आमच्या गाडीत स्लाइड आत घेतली की बाथरूमपर्यंत खुर्ची जात नाही. बऱ्याच गाड्यांत असंच असतं, शोरूममध्ये स्लाइड बंद करायला लावून हे तपासा. म्हणून अंघोळ, टॉयलेट, कॅथेटर हे सगळं साडेनऊपर्यंत उरकायचं, मग ब्लॅक आणि ग्रे टँक, मग खुर्ची आत घेऊन चारही पट्ट्यांनी जमिनीच्या ट्रॅकला बांधायची, माणसाचा बेल्ट वेगळा लावायचा, आणि त्यानंतरच स्लाइड आत. अटलांटा तिथून साधारण ४४० मैल आहे. गॅलनला आठेक मैल देणाऱ्या गाडीला ५५ गॅलन पेट्रोल लागतं. वाटेत स्लाइड उघडता येईल एवढ्या मोठ्या जागेचे दोन थांबे निघण्याआधीच ठरवून ठेवा, पेट्रोल पंपावर ते जमत नाही.