सुपरकंडक्टिंग वायर, भोसरीची लॅब आणि सोन्याचा घोळ

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रायव्हेट टेस्टिंग लॅबमध्ये सॅम्पल पॉलिश करून एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फोटो) करून घेतलं, त्याबद्दल लिहितोय. लॅबचं नाव टाकत नाही, कारण खाली थोडी तक्रार आहे आणि मला तिथे परत जायचंय.

सॅम्पल म्हणजे जुन्या एमआरआय मॅग्नेटमधल्या वायरचा बोटभर तुकडा, सरांनी कुठूनतरी मिळवलेला. बाहेरून बघाल तर साधी तांब्याची तार, पण आत नायोबियम-टायटॅनियम या मिश्रधातूचे फिलामेंट म्हणजे बारीक धागे असतात, आमच्यात 54 निघाले. लिक्विड हेलियममध्ये 4.2 केल्विनला सगळा करंट त्यांच्यातून जातो, तोही रेझिस्टन्सशिवाय. आम्हाला बघायचं होतं की तार ओढताना हे फिलामेंट मध्येच कुठे बारीक, कुठे जाड झालेत का, कारण जिथे बारीक तिथे करंटची लिमिट कमी.

तर पहिले पूर्ण मार्क पॉलिशिंगवाल्या काकांना. त्यांच्याकडे रोज गिअर नि क्रँकशाफ्ट येतात, ही असली तार पहिल्यांदाच, तरी बघताक्षणी म्हणाले हॉट माउंट (गरम करून दाबाखाली प्लास्टिकात बसवणं) नको, दाबाखाली तार वाकेल, कोल्ड इपॉक्सीत, म्हणजे न तापवता घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये, बसवू. मी घाई करत होतो तर म्हणे, "अरे तांबं मऊ, आतलं कडक, दाबून घासलंस तर तांबं सगळीकडे सारवल्यासारखं पसरेल, मग काय मोजणार?" 320 च्या पेपरपासून 1200 पर्यंत, मग 3 आणि 1 मायक्रॉनची डायमंड पेस्ट, शेवटी कोलॉइडल सिलिका, अख्खी दुपार गेली पण आरसा झाला.

आता घोळ. इपॉक्सीतून करंट जात नाही म्हणून एसईएमआधी कोटिंग लागतं, आणि ऑपरेटरने सवयीने सोनं मारलं, मला न विचारता. फोटो झकास आले, पण ईडीएस (कुठलं मूलद्रव्य आहे ते एक्स-रेच्या ऊर्जेवरून ओळखणारी चाचणी) लावलं तर नायोबियमचा पीक सापडेना! सोन्याचा एम पीक 2.12 केईव्ही ऊर्जेला, नायोबियमचा एल 2.17 ला, दोन्ही एकमेकांत मिसळले. अशा वायरला कार्बन कोटिंग सांगायला हवं, हे मला माहीत नव्हतं ही माझी चूक, पण त्यांनी विचारायला तर हवं होतं ना. काकांनी परत पॉलिश करून दिलं फुकट, मशीनचे मात्र दुसऱ्यांदा पैसे घेतले, वर 18 टक्के जीएसटी.

दुसऱ्या वेळी जे दिसलं त्याने राग गेला. बॅकस्कॅटरमध्ये (एसईएमचा असा फोटो ज्यात जड मूलद्रव्य जास्त उजळ दिसतं) प्रत्येक फिलामेंटभोवती शुद्ध नायोबियमची पातळ उजळ कडी! ही कडी मुद्दाम घालतात, नाहीतर वायर बनवताना गरम केली की तांबं आणि टायटॅनियम मिळून कडक गाठी होतात आणि तार ओढताना फिलामेंट तिथेच तुटतात. आमच्या एका फिलामेंटची कडी एका बाजूला जवळजवळ संपलेली, नेमका तोच वाकडातिकडा. प्रोजेक्टचा निम्मा रिपोर्ट या एका फोटोवर आहे.

अजून एक, फ्रंट डेस्कवाल्यांनी "सगळं दिसेल" सांगितलं होतं, ते धरू नका. फिलामेंटच्या आत टायटॅनियमचे जे पट्टे चुंबकीय रेषा जागेवर धरून ठेवतात ते काही नॅनोमीटर जाडीचे असतात, त्याला टीईएम (पातळ सॅम्पलच्या आरपार बघणारा, जास्त ताकदीचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) लागतं.

फिलामेंट नुसते मोकळे करून बघायचे असतील तर लॅबला पैसे देऊच नका, कॉलेजच्या फ्यूम हूडमध्ये सरांसमोर पातळ नायट्रिक ॲसिडने तांबं विरघळवा, फिलामेंटला काही होत नाही, केसांच्या बटेसारखे हातात येतात. सीईआरएन या युरोपातल्या कण-संशोधन संस्थेच्या मोठ्या मशीनच्या (एलएचसी) वायरमध्ये हेच फिलामेंट 6-7 मायक्रॉनचे असतात, विचार करा.

पाचपैकी साडेतीन. जाताना कॉलेजचं लेटरहेड न्या, थोडं डिस्काउंट मिळतं, ऑपरेटरशेजारी खुर्ची टाकून बसा. आणि गुरुवारी जाऊ नका, एमआयडीसीला सुट्टी असते, मी पहिल्या वेळी नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमधून जाऊन कुलूप बघून आलोय.