लेथवरचे कातकाम: ऑर्डरी घ्याव्यात की शिकवावे?

लेथवर, म्हणजे लाकूड फिरते ठेवून पटाशीने गोल आकार कातण्याच्या यंत्रावर, घर चालवू पाहणाऱ्याला नागपुरात दोन वाटा दिसतात: ऑर्डरीचे कातकाम करावे किंवा ते इतरांना शिकवावे. मी दोन्ही करतो, आणि यांपैकी आधी काय धरावे हे विचारायला येणाऱ्यांना तोंडी जे सांगतो, तेच येथे नीट मांडत आहे.

ऑर्डरीच्या कामाचा गाभा म्हणजे तोच आकार पुन्हा पुन्हा काढणे. जिन्याच्या कठड्याचे ४० दांडे सांगितले असतील, तर शेवटच्या दांड्याचे फुगवटे आणि खाचा पहिल्याशी जुळल्याच पाहिजेत, कारण ते एका रांगेत उभे राहतात आणि अर्ध्या सुताचा फरकही डोळ्यांना खुपतो. लाकूड बहुधा लकडगंजाच्या लाकूडबाजारातून आणलेले सुके सागवान असते. सागवानात सिलिका, म्हणजे वाळूसारखा कठीण पदार्थ, असल्यामुळे पटाशीची धार लवकर मरते आणि दिवसातला बराच वेळ धार लावण्यात जातो; त्या वेळाचे पैसे गिऱ्हाईक वेगळे देत नाही. शिवाय मोठ्या संख्येची कामे आता संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथकडे वळतात आणि नव्या घरांत स्टीलचे किंवा काचेचे कठडे बसतात. हाताने कातणाऱ्याकडे येतात ती नगाने थोडी पण जुळवायला अवघड कामे: जुन्या घरातील मोडक्या खांबाची जोड, देव्हाऱ्याचे खांब, पलंगाचा एखादा पाय. अशा दोन नगांना मापे घेणे आणि फर्मा (आकार जुळवायचा नमुना) बनवणे तेवढेच पडते जेवढे ४० नगांना पडते, म्हणून दर नगावर न सांगता वेळेवर सांगावा, असे माझे ठाम मत आहे.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मुले मिरवतात त्या लाकडी बैलांची चाके हे येथले हक्काचे हंगामी काम आहे. मात्र ते ऐन पावसाळ्यात येते, आणि दमट लाकडाच्या फळीतून कातलेले चाक पुढच्या उन्हाळ्यात तंतूंच्या आडव्या अंगाने आकसून लंबगोल होते. चाकांचे लाकूड उन्हाळ्यातच वाळवून रचून ठेवावे लागते, म्हणजे पैसा आधी गुंततो आणि श्रावणात सुटतो.

शिकवण्यात पैसे आगाऊ मिळतात आणि महाग लाकूड लागत नाही, हे खरे आहे. पण तेवढ्यावरून ते सोपे समजू नये. फिरत्या लाकडावर आधी पटाशीचा उतार टेकवायचा आणि मग मूठ हळूहळू उचलत धार लाकडाला लावायची, ही गोष्ट माझा हात विचार न करता करत होता. ती शब्दांत सांगता येईपर्यंत मला माझेच काम नव्याने पाहावे लागले. शिकणाऱ्याची पटाशी एकदा अडकून उसळली की त्याचा धीर खचतो, आणि तो परत आणणे हे शिक्षकाचे खरे काम असते. वेगाचा हिशेब मी पहिल्याच दिवशी पाठ करून घेतो: व्यासाचे इंच आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान असावा, म्हणजे १० इंची वाडग्याला ६०० ते ९०० फेरे. हातमोजे, ओढणी आणि सैल बाह्या चालत नाहीत, आणि चेहऱ्यावर ढाल असल्याशिवाय बटण दाबायचे नाही. हे सारे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागत असल्यामुळे मी एका वेळी तिघांहून अधिक जण घेत नाही, आणि त्यामुळे वर्गाच्या उत्पन्नालाही तेथेच मर्यादा पडते.

शिकणाऱ्यांना मी ओले, म्हणजे न वाळवलेले लाकूड देतो, कारण ते मऊ कातले जाते आणि धूळ जवळजवळ उडत नाही. पण नागपूरच्या कोरड्या हवेत ओले वाडगे तडकते; म्हणून भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी ठेवून, तंतूंची टोके उघडी पडतात त्या भागावर मेण लावून ते कागदी पिशवीत ठेवायचे आणि वजन घटायचे थांबले की पुन्हा कातायचे. यात काही महिने जातात, आणि तेवढी वाट पाहायला तयार असलेलाच विद्यार्थी मला मनापासून आवडतो.

धुळीबाबत दोन्ही वाटा सारख्याच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे, त्यामुळे धूळ ओढणारे यंत्र आणि चांगला मास्क यांचा खर्च पहिल्याच भांडवलात धरावा. भांडवलासाठी २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना पाहावी: तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. ती हाताने काम करणाऱ्या कारागिरासाठी आहे, म्हणून निव्वळ वर्ग काढायचा असेल तर तिच्यावर विसंबू नये.

ज्याने एकच आकार शेकडो वेळा काढलेला नाही, त्याला दुसऱ्याच्या हातातली चूक ऐन वेळी दिसत नाही. म्हणून नवख्याने किमान दोन वर्षे ऑर्डरीच कराव्यात, असे मी सांगतो. ज्याचा हात घरच्या सुतारकामामुळे आधीच बसला आहे, त्याने रविवारचा एक वर्ग लगेच सुरू करण्यास हरकत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने मात्र तळमजल्यावरची जागा मिळेपर्यंत यांपैकी काहीच सुरू करू नये, कारण मशीनची थरथर खालच्या घरात पोहोचते. माझ्याकडे दिवाळीनंतर होळीपर्यंत वर्ग चालतात, मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा फक्त सकाळी लाकूड कापून रचतो, आणि जूनपासून पोळ्यापर्यंत लेथवर केवळ चाके असतात.